बिडाच्या जॉबवर तीन मिलिमीटर: ऑफसेट पृष्ठभाग संगणकावर कसा काढावा

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत पॅटर्नच्या, म्हणजे ज्या नमुन्यावरून ओतकामाचा साचा घेतात त्याच्या, कामाशी ज्याचा संबंध येतो, त्याला ‘सगळीकडून तीन एमएम मटेरियल ठेवा’ हे वाक्य नवे नाही. लाकडाचा पॅटर्न हाताने घडवणारा कारागीर ते तीन मिलिमीटर पट्टीने आणि नजरेने ठेवतो, आणि कुठे ठेवायचे व कुठे नाही हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. तोच जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, स्कॅनरमधून त्रिकोणांच्या जाळीच्या रूपाने संगणकावर आला की मात्र ‘तीन मिलिमीटर’ या दोन शब्दांत किती गोष्टी गृहीत धरल्या होत्या हे कळते. भूमितीत या कामाला ऑफसेट पृष्ठभाग काढणे म्हणतात. जाळीचे बिंदू बाहेर ढकलले की झाले, अशी पहिली समजूत असते आणि बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात. ऑफसेट ही अंतराची गोष्ट आहे. म्हणून आधी अंतर मोजावे आणि मग पृष्ठभाग काढावा, अशी या मार्गदर्शिकेची भूमिका आहे.

समजायला सोपे जावे म्हणून पुढे एकच उदाहरण घेतले आहे. चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या एखाद्या गुऱ्हाळातील उसाच्या चरकाचे बेअरिंग ज्यात बसते, ते बिडाचे हाउसिंग आहे असे समजू. मूळ ड्रॉइंग उपलब्ध नाही, जुना तुकडा स्कॅन केलेला आहे. त्याची लांबी २४०, उंची १४० आणि जाडी ९० मिलिमीटर असून मधोमध ९० मिलिमीटर व्यासाचे बोअर, म्हणजे बेअरिंग बसण्याचे गोल भोक, आहे, आणि पायाला १३ मिलिमीटर व्यासाची बोल्टची चार भोके आहेत. त्यावर ३ मिलिमीटर मशीनिंग अलाउन्स, म्हणजे मशीनवर तासण्यासाठी राखलेले जादा मटेरियल, ठेवून पॅटर्नची फाइल करायची आहे. (जुन्या तुकड्याचे बोअर झिजलेले असते; ते माप स्कॅनवरून न घेता बेअरिंगच्या कॅटलॉगवरून घ्यावे. ऑफसेट कितीही अचूक काढला तरी झिजेवर काढलेला ऑफसेट झिजच पुढे नेतो.)

ऑफसेट म्हणजे नेमके काय

घन वस्तूच्या बाहेर, वस्तूपासून ठीक ३ मिलिमीटर अंतरावर असणाऱ्या सर्व बिंदूंचा संच म्हणजे ३ मिलिमीटरचा बाहेरचा ऑफसेट. येथे अंतर म्हणजे वस्तूवरील सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंतचे अंतर. ३ मिलिमीटर त्रिज्येचा गोल वस्तूच्या अंगाला टेकवून सगळीकडे फिरवला, तर त्याचा मध्य ज्या पृष्ठभागावरून फिरेल तोच हा पृष्ठभाग. वस्तू आणि गोल यांची मिन्कोव्स्की बेरीज असेही याला म्हणतात, आणि प्रतिमाप्रक्रियेत यालाच डायलेशन म्हणतात. आतल्या बाजूचा ऑफसेट म्हणजे इरोजन.

या व्याख्येतून एक परिणाम आपोआप निघतो आणि तो पुष्कळांना अनपेक्षित असतो. बाहेरच्या ऑफसेटमध्ये बहिर्वक्र कडा, म्हणजे बाहेर आलेली धार, गोलसर होते आणि तिची त्रिज्या ऑफसेटच्या अंतराएवढी असते; उलट अंतर्वक्र कडा, म्हणजे दोन भिंती आत मिळतात तो कोपरा, तीक्ष्णच राहतो. आतल्या ऑफसेटमध्ये हेच उलटे होते. ज्याला बाहेरच्या धारा धारदारच हव्या आहेत त्याला खरे तर दुसराच पृष्ठभाग हवा असतो: प्रत्येक सपाट तोंड ३ मिलिमीटर सरकवून ती तोंडे जिथे पुन्हा मिळतात तिथे नवी कडा धरायची. त्या कोपऱ्याचे अंतर मात्र मग ३ मिलिमीटर राहत नाही. घनाच्या कोपऱ्यावर ते ५.२ मिलिमीटरच्या जवळ जाते.

दोन्हींतला फरक किती, हे एका साध्या ठोकळ्यावर पाहता येते. १०० × ६० × ४० मिलिमीटरच्या ठोकळ्याचे घनफळ २,४०,००० घन मिलिमीटर आहे. त्याला बाहेर ३ मिलिमीटरचा धारदार ऑफसेट दिला की १०६ × ६६ × ४६ चा ठोकळा होतो आणि घनफळ ३,२१,८१६ भरते. खऱ्या, गोलसर ऑफसेटचे घनफळ काढण्यासाठी याकोब श्टायनर यांचे १८४० सालचे सूत्र उपयोगी पडते. बहिर्वक्र वस्तूचे नवे घनफळ म्हणजे मूळ घनफळ, अधिक क्षेत्रफळ गुणिले अंतर, अधिक कडांचे पद, अधिक त्या अंतराच्या त्रिज्येच्या गोलाचे घनफळ. ठोकळ्यासाठी कडांचे पद म्हणजे लांबी, रुंदी व उंची यांच्या बेरजेला पायने आणि अंतराच्या वर्गाने गुणणे. आकडे घातले की २,४०,००० + ७४,४०० + ५,६५५ + ११३, म्हणजे सुमारे ३,२०,१६८ येते. हा आकडा लिहून ठेवावा. कोणतेही नवे सॉफ्टवेअर हाती आले की आधी हाच ठोकळा त्याला द्यावा आणि तो कोणते घनफळ सांगतो ते पाहावे. म्हणजे ते गोलसर ऑफसेट काढते, धारदार काढते की दोन्हींपैकी काहीच नाही, हे माहितीपुस्तिका न वाचता कळते.

मोठे करणे आणि ऑफसेट करणे यांची गल्लत

बीड साच्यात थंड होताना मीटरला सुमारे १० मिलिमीटर आकसते. अ‍ॅल्युमिनियमसाठी सुमारे १३ आणि पोलादासाठी सुमारे २० मिलिमीटर धरतात. पॅटर्नकाराकडे आकसण्याची भरपाई आधीच मिळवलेली वेगळी पट्टी असते ती यासाठीच. ही भरपाई म्हणजे आकाराला एका पटीने मोठे करणे होय, ऑफसेट नव्हे. २४० मिलिमीटर लांबीला २.४ मिलिमीटर वाढ लागते, तर २० मिलिमीटर जाडीच्या बरगडीला फक्त ०.२. प्रत्येक बाजूला १.२ मिलिमीटरचा ऑफसेट देऊन लांबी बरोबर आणली, तर बरगडीही २.४ ने जाड होईल. बोअरच्या बाबतीत तर दोन्ही क्रिया विरुद्ध दिशेने जातात: मोठे केल्याने बोअर मोठे होते, बाहेरच्या ऑफसेटने ते लहान होते.

क्रम असा ठेवावा की आधी ऑफसेट, नंतर १.०१ ने गुणाकार. कारण साच्यातून निघालेल्या थंड जॉबवर पूर्ण ३ मिलिमीटर हवे आहेत. आपल्या हाउसिंगची लांबी त्यामुळे २४० वरून २४६ आणि तिथून २४८.४६ होते, बोअर ९० वरून ८४ आणि तिथून ८४.८४ होते. क्रम उलटा झाला तर अलाउन्समध्ये फक्त तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडतो, जो बिडाच्या कामात कोणी मोजणार नाही. मोठे करणे आणि ऑफसेट करणे यांची गल्लत झाली तर मात्र फरक मोजण्याजोगा असतो.

बिंदू ढकलण्याची पद्धत आणि तिची मर्यादा

जाळीच्या प्रत्येक शिरोबिंदूला एक लंबदिशा असते, जी त्याला चिकटलेल्या त्रिकोणांच्या लंबदिशांची सरासरी काढून मिळते. सर्वांत सोपी पद्धत अशी की प्रत्येक बिंदू त्या दिशेने ३ मिलिमीटर सरकवावा आणि त्रिकोणांची जोडणी आहे तशीच ठेवावी. गुळगुळीत, हलक्या वळणाच्या पृष्ठभागावर आणि लहान अंतरासाठी ही पद्धत चालते, झटपट होते आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

कोपऱ्यावर मात्र हिशेब बिघडतो. घनाच्या कोपऱ्याची सरासरी दिशा तिन्ही तोंडांशी सारखी कललेली असते. त्या दिशेने बिंदू ३ मिलिमीटर गेला, तर प्रत्येक तोंडापासून तो ३ भागिले १.७३२, म्हणजे जेमतेम १.७३ मिलिमीटर दूर जातो. दोन तोंडांच्या काटकोनी कडेवर हाच आकडा २.१२ येतो. मोठ्या सपाट तोंडाचे शिरोबिंदू जर चार कोपऱ्यांवरच असतील, तर संपूर्ण तोंडावर ३ ऐवजी १.७३ मिलिमीटरच मटेरियल राहील, आणि पडद्यावर पाहून हे कोणाच्याही लक्षात येणार नाही, कारण आकार अगदी नीटनेटका दिसतो.

उपाय असा की दिशेची सरासरी न काढता, त्या बिंदूला लागून असलेले प्रत्येक प्रतल ३ मिलिमीटर सरकेल असे स्थान शोधावे. तीन प्रतले असतील तर तीन समीकरणे आणि तीन अज्ञात, म्हणजे उत्तर एकच. तीनहून अधिक प्रतले असतील तर सर्व अटी एकदम पाळल्या जातीलच असे नाही. तेव्हा किमान वर्गांच्या पद्धतीने तडजोडीचे स्थान काढतात. उलट प्रतले जवळजवळ एकाच दिशेची असतील तर समीकरणे डळमळीत होतात आणि बिंदू भलतीकडे उडतो, म्हणून सरकण्याच्या अंतरावर मर्यादा घालावी. ब्लेंडर या त्रिमित सॉफ्टवेअरमधील सॉलिडिफाय मॉडिफायरमध्ये ‘ईव्हन थिकनेस’ हा पर्याय याच हेतूने दिलेला आहे. सरासरीच काढायची असेल तर निदान प्रत्येक त्रिकोणाला त्या शिरोबिंदूपाशी असलेल्या कोनाएवढे वजन द्यावे. अन्यथा एखादे तोंड दोन त्रिकोणांत कापलेले असल्यामुळे त्याचे वजन विनाकारण दुप्पट होते.

एवढे करूनही मूळ अडचण सुटत नाही. आतल्या वळणाची त्रिज्या ज्या जागी २ मिलिमीटर आहे, तिथे ३ मिलिमीटर बाहेर गेल्यावर ती उणे होते, म्हणजे पृष्ठभाग स्वतःवरच उलटतो आणि मागच्या बाजूने बाहेर येतो. ही झाली स्थानिक अडचण. वक्रता तपासून ती आधी ओळखता येते. दुसरी अडचण दूरच्या भागांची: दोन बरगड्यांमधली फट ५ मिलिमीटर असेल, तर दोन्ही भिंती ३-३ मिलिमीटर पुढे येऊन एकमेकींत घुसतात, आणि या दोन भिंती जाळीत एकमेकींच्या शेजारीही नसतात. हे छेद शोधून, नको ते तुकडे कापून, उरलेले शिवून घेणे शक्य असते. पण स्कॅनमधून आलेल्या लाखो त्रिकोणांच्या जाळीवर ते काम कोणी स्वतःहून ओढवून घेऊ नये.

अंतरक्षेत्राची पद्धत

स्कॅन केलेल्या जॉबसाठी माझा कौल याच पद्धतीला आहे. जॉबभोवतीची जागा सारख्या घनाकार चौकड्यांत विभागावी, प्रत्येक चौकडीच्या कोपऱ्यावर जॉबपासूनचे अंतर मोजून ठेवावे (हेच अंतरक्षेत्र), बाहेर ते धन आणि आत ऋण धरावे, आणि जिथे हे मूल्य ३ आहे तिथून पृष्ठभाग काढावा. दोन भिंती एकमेकींत घुसण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण प्रत्येक बिंदूला एकच सर्वांत जवळचे अंतर असते. फट बुजायची असेल तर ती बुजते, आणि मिळणारा पृष्ठभाग नेहमी बंद असतो, मात्र आपली चौकट जॉबभोवती ऑफसेटहून जास्त मोकळी जागा ठेवणारी असली पाहिजे.

पहिला निर्णय चौकडीच्या मापाचा, म्हणजे व्हॉक्सेलचा. आपल्या हाउसिंगभोवती ३ मिलिमीटरच्या ऑफसेटसाठी आणि थोडी मोकळी जागा धरून २५० × १५० × १०० मिलिमीटरची पेटी पुरते. व्हॉक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा घेतला तर ५०० × ३०० × २००, म्हणजे ३ कोटी मूल्ये होतात, आणि प्रत्येकी चार बाइट धरल्यास १२० एमबी लागतात. व्हॉक्सेल पाव मिलिमीटरचा केला की मूल्ये आठपट, म्हणजे २४ कोटी, आणि जागा ९६० एमबी. माप निम्मे केले की खर्च आठपट, हे प्रमाण ध्यानात ठेवले तर संगणक अडकून पडत नाही. खरे तर सगळी मूल्ये लागतच नाहीत. ३ मिलिमीटरच्या पातळीच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन व्हॉक्सेलचा पट्टा पुरतो. ओपनव्हीडीबी या तयार कोडच्या ग्रंथालयाची रचना अशा विरळ पट्ट्यांसाठीच आहे. ड्रीमवर्क्स या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने २०१२ साली ते मुक्त केले. ढग आणि धूर दाखवण्यासाठी घडवलेले साधन बिडाच्या जॉबलाही तितकेच उपयोगी पडते. वाळूच्या साच्यातल्या बिडाच्या ओतकामासाठी अर्धा मिलिमीटर पुरेसा आहे. त्याहून बारीक जाऊन मिळणारी अचूकता वाळू राखत नाही.

दुसरे काम प्रत्यक्ष अंतर मोजण्याचे. एका बिंदूपासून एका त्रिकोणाचा सर्वांत जवळचा बिंदू त्याच्या पोटात, तीनपैकी एका कडेवर किंवा तीनपैकी एका टोकावर असू शकतो. अशा सात शक्यता तपासाव्या लागतात. दहा लाख त्रिकोणांशी प्रत्येक बिंदू ताडून पाहणे परवडत नाही, म्हणून त्रिकोणांना पेट्यांत, त्या पेट्यांना मोठ्या पेट्यांत घालून एक झाड रचतात, आणि ज्या पेटीचे अंतर आतापर्यंत सापडलेल्या अंतरापेक्षा जास्त आहे ती उघडतच नाहीत.

तिसरे काम चिन्ह ठरवण्याचे, आणि माझ्या मते सर्वांत अधिक काळजी इथेच घ्यावी. बिंदू आत आहे की बाहेर, हे जवळच्या त्रिकोणाच्या लंबदिशेवरून ठरवता येते. परंतु जवळचा बिंदू कडेवर किंवा टोकावर असेल तर कोणत्याही एका त्रिकोणाची दिशा फसवू शकते. तिथे वर सांगितलेली कोनाच्या वजनाची सरासरी दिशा घ्यावी. बंद जाळीसाठी तिने चिन्ह बरोबरच येते हे बॅरेन्टसेन आणि ओनेस यांनी २००५ साली सिद्ध केले आहे. आता स्कॅनची जाळी क्वचितच बंद असते. स्कॅनरचा प्रकाश बोअरच्या आत पोहोचत नाही, तळ टेबलावर टेकलेला असतो, काळ्या तेलकट जागा दिसत नाहीत. अशी भोके राहिली की चिन्ह एका भोकातून गळते आणि अर्धा जॉब उलटा होतो. त्यासाठी २०१३ साली जेकबसन, कावन आणि सॉर्किन-हॉर्नुंग यांनी मांडलेली सामान्यीकृत वेढसंख्या वापरावी: सर्व त्रिकोण मिळून त्या बिंदूला किती वेढतात याचे ते माप आहे, आतल्या बिंदूला ते १ च्या जवळ आणि बाहेरच्या बिंदूला ० च्या जवळ येते, आणि लहान भोकांनी ते फारसे हलत नाही. अर्ध्याच्या वर आत, खाली बाहेर. लिबआयजीएल या ग्रंथालयात हे तयार मिळते. जाळी इतकी फाटलेली असेल की आत-बाहेर असे काही उरलेच नाही, तर बिनचिन्ही अंतर घ्यावे. मग पृष्ठभागाच्या दोन्ही अंगांना ३-३ मिलिमीटरची कवची मिळते, आणि त्यातले फक्त बाहेरचे कवच ठेवून आतले काढून टाकावे.

शेवटचे काम मूल्यांतून त्रिकोण काढण्याचे. लोरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ साली मांडलेली मार्चिंग क्यूब्ज ही पद्धत प्रत्येक चौकडीच्या आठ कोपऱ्यांची चिन्हे पाहून, २५६ शक्यतांच्या तक्त्यावरून, त्या चौकडीत कोणते त्रिकोण घालायचे ते ठरवते. तीक्ष्ण कडा तिला जमत नाहीत. ती त्या अर्धाएक व्हॉक्सेलने छाटते. बाहेरच्या ऑफसेटमध्ये बहिर्वक्र कडा आधीच ३ मिलिमीटरने गोल झालेल्या असतात, त्यामुळे आपले नुकसान होत नाही. आतला ऑफसेट काढताना, उदाहरणार्थ पोकळ छापायच्या वस्तूची आतली भिंत काढताना, धारा हव्या असतील तर २००२ सालची ड्युअल कंटूरिंग पद्धत घ्यावी. तिला अंतराबरोबर लंबदिशाही पुरवावी लागते.

आतल्या कोपऱ्यांना फिलेट

बिडाच्या जॉबला आतला तीक्ष्ण कोपरा नको असतो. धातू तिथे शेवटी गोठतो आणि तडा जाण्याची भीती असते. वर पाहिल्याप्रमाणे बाहेरचा ऑफसेट नेमका हाच कोपरा तीक्ष्ण ठेवतो. त्यावर ऑफसेटचाच उतारा आहे. आतल्या कोपऱ्यांना ४ मिलिमीटर त्रिज्येचे फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरलेला गोलावा, हवे असेल, तर आधी ७ मिलिमीटर बाहेर जावे आणि मग ४ मिलिमीटर आत यावे. निव्वळ ऑफसेट ३ मिलिमीटरच राहतो, बहिर्वक्र कडांची त्रिज्याही ३ राहते, आणि अंतर्वक्र कोपऱ्यांत मात्र ४ मिलिमीटरचा गोलावा भरला जातो. प्रतिमाप्रक्रियेत या जोडक्रियेला क्लोजिंग म्हणतात, आणि तिचा पाया १९६०च्या दशकात माथेरॉन आणि सेरा यांनी पॅरिसच्या खाणशास्त्र संस्थेत घातला.

येथे एक चूक हमखास होते. पहिल्या अंतरक्षेत्रात ७ ची पातळी घेऊन त्यातून ४ वजा केले, तर आपण त्याच क्षेत्रातल्या ३ च्या पातळीवर परत येतो आणि फिलेट कुठेच दिसत नाही. ७ मिलिमीटरचा पृष्ठभाग काढल्यावर त्या पृष्ठभागापासूनचे अंतर पुन्हा नव्याने मोजावे लागते, आणि मग त्या नव्या क्षेत्रात उणे ४ ची पातळी घ्यावी लागते.

या क्रियेचा आणखी एक परिणाम असा की ७ मिलिमीटर बाहेर जाताना १४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी व्यासाची सगळी भोके आणि तेवढ्या रुंदीच्या सगळ्या फटी बुजतात, आणि परत आल्यावर उघडत नाहीत. पायाची १३ मिलिमीटरची बोल्टची भोके अशी बुजली तर उत्तमच. ती ओतकामात भरीव ठेवून नंतर ड्रिलने पाडायची असतात. परंतु तेलाची १० मिलिमीटर रुंद खाचही त्याबरोबर बुजेल. ती ओतकामातूनच यायला हवी असेल, तर क्लोजिंगच्या आधी तो भाग जाळीतून वेगळा काढून ठेवावा आणि नंतर वजाबाकीने पुन्हा कापावा.

पॅटर्न सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर काढायचा असेल तर फिलेटची त्रिज्या आणि कटर यांचा मेळ आधीच घालावा. ८ मिलिमीटर व्यासाच्या बॉल नोज (गोल टोकाच्या) कटरचा मध्य जॉबच्या ४ मिलिमीटरच्या ऑफसेटवरूनच फिरतो, आणि ४ पेक्षा लहान त्रिज्येच्या कोपऱ्यात तो शिरूच शकत नाही. म्हणजे ४ मिलिमीटरचे क्लोजिंग केलेला आकार हाच त्या कटरला जास्तीत जास्त जमणारा आकार असतो. तीन अक्षांच्या मशीनवर कटर एकाच दिशेने उतरत असल्याने अंडरकटची (त्या दिशेने कटर पोहोचू न शकणाऱ्या, आत गेलेल्या भागांची) बंधने त्यात आणखी मिळवावी लागतात.

फक्त मशीन होणाऱ्या तोंडांनाच अलाउन्स

सगळीकडून तीन हे बोलण्यापुरते झाले. प्रत्यक्षात हाउसिंगचा पाया, बोअर आणि बाजूची तोंडे मशीन होतात. बाकी अंग तसेच राहते, आणि तिथे ३ मिलिमीटर जास्त ठेवणे म्हणजे विनाकारण बीड ओतणे होय. मशीन होणारे त्रिकोण वेगळे निवडावेत, फक्त त्यांच्यापासूनचे बिनचिन्ही अंतर काढून त्यातून ३ वजा करावेत, मूळ जॉबचे चिन्हांकित अंतर दुसरीकडे ठेवावे, आणि प्रत्येक बिंदूवर या दोन मूल्यांपैकी लहान मूल्य घेऊन शून्याची पातळी काढावी. मूळ जॉब आणि त्या तोंडांवरचा ३ मिलिमीटरचा थर यांचा संयोग मिळतो. थर तोंडाच्या कडेवरून शेजारच्या भिंतीवर अर्धगोल लपेटला जातो, तो मात्र पाहून घ्यावा. पाया सपाट असल्याने तिथे ऑफसेटच्या भानगडीत न पडता तोंडाची बाह्यरेषा ३ मिलिमीटर उचलून ठोकळा केला, तर काम अधिक स्वच्छ होते. लहान मूल्य घेऊन तयार झालेले क्षेत्र वस्तूच्या आत खरे अंतर सांगत नाही, म्हणून त्यावर पुढे काही ऑफसेट करायचा असेल तर अंतर पुन्हा मोजावे. ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून भिंतींना दिलेला उतार, हा ऑफसेटचा भाग नाही. तो पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग मिळतात ती रेषा) ठरल्यावर स्वतंत्रपणे द्यावा.

ड्रॉइंगवरून कॅड मॉडेल केलेले असेल तर

प्रतल, दंडगोल, शंकू, गोल आणि टोरस (कड्याचा आकार) यांचे ऑफसेट त्याच जातीचे राहतात, त्यामुळे अशा जॉबवर कॅडमधला ऑफसेट अचूक असतो आणि अंतरक्षेत्राची गरज नाही. नर्ब्स, म्हणजे कॅडमध्ये मुक्त वळणे मांडण्याची गणिती पद्धत; अशा मुक्तवक्र नर्ब्स पृष्ठभागाचा ऑफसेट सर्वसाधारणपणे नर्ब्स नसतो, कारण लंबदिशेची लांबी एक करताना वर्गमूळ येते. तिथे सॉफ्टवेअर ठरावीक सहनमर्यादेत जवळचा पृष्ठभाग बसवते. फ्रीकॅडसारख्या साधनात ऑफसेट अर्ध्यावर मोडला, तर बहुधा एखादे लहान फिलेट त्याला आडवे आलेले असते. आधी फिलेट काढून टाकावेत, ऑफसेट घ्यावा आणि मग नव्या त्रिज्येने फिलेट पुन्हा द्यावेत.

कोड न लिहिता काम करायचे असेल तर मेशलॅबमधील ‘युनिफॉर्म मेश रीसॅम्पलिंग’ हा फिल्टर वरची अंतरक्षेत्राची पद्धतच चालवतो, आणि त्यातला ‘अ‍ॅब्सोल्यूट डिस्टन्स’ हा पर्याय बिनचिन्ही अंतरासाठी आहे. ओपनस्कॅडमधील मिन्कोव्स्की ही आज्ञा लहान मॉडेलवर ठीक चालते, मोठ्या जाळीवर मात्र फार वेळ खाते. शिवाय तिला दिलेला गोल सपाट तोंडांचा बनलेला असतो आणि त्याची तोंडे खऱ्या गोलाच्या आत राहतात, म्हणून काही दिशांना अंतर थोडे कमी भरते. फाटलेल्या जाळीभोवती बंद कवच ओढण्यासाठी सीजीएएल या भूमितीच्या कोडसंग्रहाच्या ५.५ आवृत्तीपासून अल्फा रॅपिंग उपलब्ध आहे. त्यात ऑफसेटचे अंतर आपणच देतो.

मोजून पाहणे

निकाल डोळ्यांनी तपासू नये. नव्या पृष्ठभागावर काही हजार बिंदू पसरून प्रत्येकाचे मूळ जॉबपासूनचे अंतर मोजावे. साध्या ऑफसेटमध्ये ते सर्वत्र ३ मिलिमीटर यायला हवे, आणि फरक व्हॉक्सेलच्या मापाच्या आत राहायला हवा. उलट दिशेने, म्हणजे मूळ जॉबच्या बिंदूंपासून नव्या पृष्ठभागापर्यंत मोजले, तर आतल्या कोपऱ्यांत आणि बुजलेल्या फटींत ते ३ पेक्षा जास्त येणारच. ती चूक समजू नये. ३ पेक्षा कमी मात्र कुठेही येता कामा नये, तसे आल्यास तिथे चिन्ह किंवा जाळी बिघडलेली आहे. क्लोजिंग केलेल्या आकारावर पहिल्या चाचणीतही फिलेटच्या जागी ३ पेक्षा जास्त अंतर दिसेल. बोअरचा व्यास वेगळा मोजावा, कारण ८४ ऐवजी ९६ आला तर त्या भागाची लंबदिशा उलटी आहे हे लगेच कळते.

फाइल देण्यापूर्वी त्रिकोणांची संख्या कमी करावी; सपाट पायावर मार्चिंग क्यूब्जने पेरलेल्या हजारो त्रिकोणांचा कटरला काही उपयोग नसतो. कमी करताना विचलनाची मर्यादा ०.०५ मिलिमीटरसारखी स्पष्ट द्यावी, नुसती टक्केवारी देऊ नये, आणि त्यानंतर वरची मोजणी पुन्हा करावी. १.०१ चा गुणाकार सर्वांत शेवटी करावा, आणि तो केला आहे की नाही हे फाइलच्या नावातच लिहावे, कारण पॅटर्न शॉपमध्ये तीच भरपाई दुसऱ्यांदा दिली जाण्याचा धोका असतो. एसटीएल (त्रिकोणांची जाळी साठवणाऱ्या) फाइलमध्ये एकक नोंदवलेले नसते, म्हणून मिलिमीटर हे एकक आणि २४८.४६ ही एकूण लांबी सोबत लिहून पाठवावी, म्हणजे पलीकडच्याला फाइल उघडल्याबरोबर एकच माप ताडून खात्री करता येते.